द्रव्य सरकारचे, शाळा खाजगी
खाजगी शाळेस सरकारने पैसा द्यावा काय, आणि द्यावयाचा तर कोणत्या अटींवर, हा प्रश्न आपल्या वाचकांना अपरिचित नाही. आपल्याकडील अनुदानित शाळांत शिक्षकांचे वेतन सरकारी तिजोरीतून होते व त्याबरोबर सरकारी तपासणीही येते. अमेरिकेत अशी पद्धत नाही. तेथे दर दहा मुलांमागे साधारणतः एक मूल खाजगी शाळेत जाते. त्यांतील पुष्कळशा शाळा चर्चच्या आश्रयाने चालणाऱ्या आणि आकाराने लहान. २०२० च्या मार्चमध्ये कोविडच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या, अनेक पालकांच्या नोकऱ्या गेल्या, फी थकली, आणि कित्येक लहान कॅथलिक शाळांना त्याच वर्षी कायमचे कुलूप लागले. एरवी बाजूला ठेवता येणारा प्रश्न तेव्हा सरकारच्या दारी येऊन उभा राहिला.

पहिला प्रयत्न न्यायालयात जाऊन थांबला. मार्च २०२० च्या कायद्याने शाळांसाठी सुमारे १,३२० कोटी डॉलर काढून ठेवले होते. खाजगी शाळांचा वाटा १९६५ च्या शिक्षण कायद्यातील रीतीने, म्हणजे गरीब मुलांच्या संख्येवरून, ठरवावा असा कायद्याचा रोख होता. शिक्षणमंत्री बेट्सी डेव्होस यांच्या खात्याने मात्र १ जुलै २०२० रोजी असा नियम काढला की, अनेक ठिकाणी खाजगी शाळांतील सर्वच मुले, गरीब असोत वा श्रीमंत, मोजावी लागावीत. डोकी मोजण्याची रीत बदलली की वाटणीही बदलते. आणि एकाच थैलीतून वाटावयाचे असल्याने, खाजगी शाळेकडे अधिक गेलेला प्रत्येक डॉलर सार्वजनिक शाळेच्या वाट्यातून जाणार होता. काही राज्ये न्यायालयात गेली, एनएएसीपी ही कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झटणारी संस्थाही गेली, आणि ४ सप्टेंबर २०२० रोजी वॉशिंग्टन येथील संघीय न्यायालयाने तो नियम रद्द ठरविला.

मग थैलीच निराळी करण्यात आली. २७ डिसेंबर २०२० च्या कायद्याने केवळ खाजगी शाळांसाठी २७५ कोटी डॉलर राखून ठेवले. ते राज्यपालांमार्फत मागावयाचे होते. (अमेरिकेतील राज्यपाल लोकांनी निवडून दिलेले असतात व राज्याचा कारभार तेच पाहतात.) शाळा नफा न मिळविणारी हवी, १३ मार्च २०२० पूर्वीपासून चालू असलेली हवी, आणि कामगारांचे वेतन चालू राहावे म्हणून सरकारने देऊ केलेले माफीयोग्य कर्ज तिने या कायद्यानंतर घेतलेले नसावे.

या योजनेतील ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, सामान्यतः पैसा शाळेच्या हाती पडतच नसे. शाळेने गरज सांगावयाची आणि राज्याच्या शिक्षण खात्याने ती वस्तू वा सेवा विकत घेऊन द्यावयाची. मुखपट्ट्या, जंतुनाशके, हवा शुद्ध करणारी यंत्रे, संगणक, मागे पडलेल्या मुलांसाठी जादा शिकवणी, हे सारे मागता येई. परंतु द्रव्यावरील ताबा आणि विकत घेतलेल्या सामग्रीची मालकी सार्वजनिक यंत्रणेकडेच राहावी, आणि सेवा धर्मनिरपेक्ष असावी, असा दंडक होता. शाळेच्या नेहमीच्या शिक्षकांचे नेहमीचे वेतन यातून भागत नसे. संगणकावर सरकारी क्रमांक चिकटविणे सोपे आहे. पण वायुवीजनाच्या सुधारणेसही कायद्याने मुभा दिली होती, आणि चर्चच्या भिंतीत बसविलेल्या यंत्राची मालकी सरकारकडे कशी ठेवावी, हे कोडे कारकुनालाच सोडवावे लागणार! आधी केलेल्या काही खर्चाची भरपाई रोखीने मिळू शके, एवढाच काय तो अपवाद.

हा दंडक मला योग्य वाटतो. करदात्याच्या पैशाने एखाद्या पंथाची मालमत्ता वाढू नये, आणि तरीही त्या पंथाच्या शाळेतील मूल उघड्यावर पडू नये, या दोन्ही गोष्टी साधण्याची यात खटपट आहे. मुदतीविषयी मात्र तसे म्हणवत नाही. राज्याने सहा महिन्यांत रक्कम कामी लावली नाही तर ती राज्यपालांच्या इतर शैक्षणिक निधीत जमा व्हावयाची होती. ज्या शाळेत मुख्याध्यापिकाच वर्ग घेतात आणि दूरध्वनीही उचलतात, तेथे अर्ज, दरपत्रके व खरेदीची मंजुरी यांचा रेटा कोणी सांभाळावा? ज्या शाळेकडे हिशेबनीस आहे तिला हे जड नाही, आणि तिला गरजही बहुधा कमीच.

११ मार्च २०२१ च्या कायद्याने पुन्हा २७५ कोटी डॉलर दिले, तेव्हा अटी आवळल्या. रोख भरपाई बंद झाली. साथीचा सर्वाधिक फटका बसलेल्या आणि गरीब मुलांचे प्रमाण लक्षणीय असलेल्या शाळांनाच साहाय्य मिळावयाचे ठरले. ‘लक्षणीय’ म्हणजे किती? जुलै २०२१ च्या नियमांनी ४० टक्के असे उत्तर दिले; आणि ज्याच्या घरचे उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १८५ टक्क्यांहून अधिक नाही ते मूल गरीब मानले. वेगळी मर्यादा सुचविण्याची मोकळीक राज्यांना होती. ३९ टक्क्यांवर अडलेल्या शाळेची हळहळ वाटते. तरीही पहिल्या वर्षीच्या भांडणाला मिळालेले हे उत्तर अधिक न्याय्य होते.

आपल्याकडे विनाअनुदानित शाळांच्या बाबतीत हा प्रश्न निधीपेक्षा फीच्या रूपाने पुढे आला. राजस्थानातील शाळांच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने ३ मे २०२१ रोजी २०२०-२१ ची फी १५ टक्के कमी करून घेण्यास सांगितले. तेथे तिजोरीने भार उचलला; येथे तो शाळा आणि पालक यांनी आपसांत वाटून घेतला. अमेरिकेतील त्या दुसऱ्या निधीतून नवे खर्च बांधून घेण्याची मुदत ३० सप्टेंबर २०२४ रोजी संपली.