कोळंबीची डोकी : खावीत की टाकावीत?

गेल्या आठवड्यात पाचूबंदरच्या एक मावशी सुनेला घेऊन दवाखान्यात आल्या. सून पाच महिन्यांची गरोदर, रक्त कमी. तपासणी आटोपली तरी दोघी उठेनात. शेवटी मावशींनीच तोंड उघडले, "डॉक्टर, हिला जरा सांगा. कोळंबीची डोकी कचऱ्यात टाकते. आम्ही जन्मभर डोक्यांचे कालवण खाल्ले, काय झाले आम्हाला?" सून खाली मान घालून पुटपुटली, "त्यात विष असते म्हणतात."

वाचकहो, वसई-विरारमध्ये हा वाद काही एकाच घरातला नाही. माझ्या मते सासू आणि सून, दोघीही निम्म्या बरोबर आहेत.

आधी डोक्यात असते काय ते पाहू. आपण ज्याला डोके म्हणतो त्यात कोळंबीचे जठर असते आणि यकृत व स्वादुपिंड या दोहोंचे काम करणारी एक मऊ, पिवळसर-तपकिरी ग्रंथी असते. कालवणाला जी चव येते ती बरीचशी हिच्यामुळे. पण पाण्यातून आणि खाद्यातून येणारे कॅडमियमसारखे जड धातूही याच ग्रंथीत साठतात. शेपटीच्या मांसात ते फार कमी असतात. युरोपात कोळंबी-खेकड्यांतील कॅडमियमची मर्यादा मोजतात ती शेपटीच्या व पायांच्या मांसात; डोके त्यात धरतच नाहीत. खेकड्याच्या पेंद्यातील तपकिरी मगज बेताने खावा, अशी सूचना युरोपीय आयोगाने २०११ मध्ये दिली, तीही याच कारणासाठी.

कॅडमियम शिजवून नष्ट होत नाही. एकदा शरीरात गेले की मूत्रपिंडात दहा ते तीस वर्षे ठाण मांडून बसते. जपानमधील जिंझू नदीकाठी खाणीचे कॅडमियम भातशेतीत उतरले आणि माणसांची हाडे ठिसूळ झाली. हा आजार प्रदूषणामुळेच झाला, हे तेथील सरकारने १९६८ मध्ये मान्य केले. जागतिक आरोग्य संघटना व अन्न-कृषी संघटना यांच्या तज्ज्ञ समितीने २०१० मध्ये मर्यादा घालून दिली ती अशी : वजनाच्या दर किलोमागे महिन्याला २५ मायक्रोग्रॅम. म्हणजे साठ किलोच्या माणसाला १५००, पण पंधरा किलोच्या मुलाला अवघे ३७५. आजोबा आणि नातू यांच्या ताटात सारखीच डोकी वाढू नयेत, ती यासाठी. ज्यांच्या अंगात लोह कमी, त्यांच्या आतड्यातून कॅडमियम अधिक शोषले जाते. म्हणून सुनेची भीती अगदीच खोटी नव्हती.

आता सासूची बाजू. कोळंबीचे आयुष्य साधारण वर्ष-दोन वर्षांचे. इतक्या काळात तिच्या अंगात साठून साठून किती साठणार? महिन्यातून एक-दोनदा डोक्यांचे कालवण खाल्ल्याने धडधाकट माणसाचे काही बिघडत नाही. डोक्याला घाबरणारी घरे सुका जवळा मात्र डोक्यासकट आवडीने खातात! आणि घरातला कर्ता पुरुष विडी ओढत असेल, तर त्याने कोळंबीला नावे ठेवू नयेत. तंबाखूच्या धुरातून जाणारे कॅडमियम त्याला कितीतरी जास्त. शिवाय कोळंबीच्या वजनात डोक्याचा वाटा तिसऱ्या हिश्शाहून अधिक असतो. गरिबाने पैसे मोजून आणलेला इतका भाग फेकून द्या, असे सांगणे मला तरी सोपे वाटत नाही.

तेव्हा काही गोष्टी पाळाव्यात. डोके धडाला घट्ट असेल, काळे पडलेले नसेल आणि उग्र वास येत नसेल, तरच ते वापरावे. पाचकरस डोक्यातच असल्याने कोळंबी सडायला सुरुवात तिथूनच होते. काळेपणा रोखण्यासाठी काही ठिकाणी सल्फाइटची पूड वापरतात. दमेकऱ्यांना तिचा त्रास होऊ शकतो. डोकी अर्धीकच्ची कधीही खाऊ नयेत, कारण समुद्री जंतू नीट शिजवल्यानेच मरतात. चव हवी असेल तर डोके उघडून आतला मऊ गाळ काढून टाकावा व नुसत्या कवचाचे पाणी कालवणात घालावे. गरोदर बायका, लहान मुले आणि मूत्रपिंडाचे रुग्ण यांनी डोकी टाळावीत. ज्यांना कोळंबीची अ‍ॅलर्जी आहे त्यांनी डोके काढून खाण्याचा प्रयोग करू नये. अ‍ॅलर्जी करणारे प्रथिन मांसातही असते आणि ते शिजवूनही टिकते.

हे सारे मी दोघींना समजावले. सुनेला म्हटले, "बाळंतपण होईपर्यंत डोकी नकोत. मांस ताजे असेल तर खुशाल खा." मावशींना म्हटले, "तुम्ही खा, पण रोज नको." त्या उठल्या आणि दारातून मागे वळून म्हणाल्या, "डॉक्टर, पाणी काय आम्ही घाण केले?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. वसईच्या खाडीत उल्हास नदी येते ती बदलापूर, कल्याण ओलांडून. वाटेत तिला अंबरनाथ-उल्हासनगरची वालधुनी मिळते. या दोन नद्यांच्या प्रदूषणाबद्दल राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दंड ठोठावला. तारापूरच्या कारखान्यांच्या सांडपाण्याविरुद्ध आपल्याच जिल्ह्यातील मांगेला समाज लवादाकडे गेला आणि २०२२ मध्ये तिथेही दंडाचा आदेश निघाला. दंड झाले, ठीक. पण त्याने मावशींच्या टोपलीत काय आहे ते कळत नाही. परदेशी जाणाऱ्या कोळंबीची प्रयोगशाळेत तपासणी होते. तशीच तपासणी वसई, नायगाव, अर्नाळ्याच्या बाजारातील कोळंबीची, तीही डोक्यासकट, ठरावीक मुदतीने व्हावी आणि तिचे आकडे वर्तमानपत्रात छापले जावेत. खाणाऱ्याला सावध करणे हे डॉक्टरचे काम आहे, आणि ते मी केले. खाडी स्वच्छ ठेवण्याचे काम ज्यांचे आहे, त्यांनीही आपले करावे. नाहीतर आज सुनेला डोके टाकायला सांगितले, उद्या नातीला अख्खी कोळंबीच टाकायला सांगावी लागेल.