भंगार आणि वारसा यांच्या मधली वर्षं

हिशेबाच्या वहीत 'घसारा' नावाचा एक रकाना असतो. खुर्ची असो, टंकलेखन यंत्र असो की मोटारसायकल. विकत घेतल्या दिवसापासून वस्तूची किंमत उतरणीला लागते, या गृहीतावर तो चालतो. बँकेतली माझी सारी हयात या रकान्याच्या संगतीत गेली. प्राप्तिकराच्या हिशेबात वाहनावर दरसाल १५ टक्के घसारा धरतात, तोही उरलेल्या किमतीवर. समजा, एखादी गाडी १५,००० रुपयांना घेतली, तर ४० वर्षांनी वहीत तिचे उरतात अवघे साडेबावीस रुपये. गंमत अशी, की या पद्धतीत किंमत कितीही झिजली तरी शून्य कधीच होत नाही. काहीतरी शिल्लक राहतंच. कोल्हापुरात माझ्या घराच्या पडवीत असंच थोडंसं शिल्लक उभं आहे. १९८६ सालची येझदी रोडकिंग.

ती घेतली तेव्हा मी आजऱ्याच्या बाजूला एका ग्रामीण शाखेत शेतकी कर्जं पाहत होतो. स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहण्याचे ते दिवस. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमातून कर्जाने दिलेली म्हैस खरोखर गोठ्यात आहे का, तिच्या कानातला विम्याचा बिल्ला आणि आमच्या कागदावरचा नंबर जुळतो का, हे बघायला वाड्यावस्त्यांवर जावं लागे. पावसाळ्यात रस्ता कुठला आणि ओढा कुठला, हे तिथल्या माणसांनाच कळे. त्या चिखलातून या गाडीने मला नेलं आणि आणलं. माझ्याआधी तिचा आवाज वस्तीवर पोचायचा आणि थकबाकीदार मागच्या दाराने शेतात निघून जायचे. वसुलीच्या दृष्टीने हा दोषच; पण माझ्या कादंबऱ्यांमधली निम्मी माणसं मला या गाडीवरून हिंडतानाच भेटली, तेव्हा एकूण व्यवहार फायद्याचा झाला.

तिची वंशावळही ऐकण्यासारखी आहे. १९२९ साली प्रागमध्ये यानेचेक नावाच्या उद्योजकाने 'वाँडरर' या जर्मन मोटारसायकलीचे हक्क घेतले. यानेचेकमधला 'या' आणि वाँडररमधला 'वा' मिळून झाली 'यावा'. आपल्याकडे आल्यावर ती 'जावा' झाली. येण्याजाण्याच्या वाहनाला याहून चांगलं नाव मराठी माणसालाही सुचलं नसतं! १९६१ पासून म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात ती तयार होऊ लागली, सत्तरच्या दशकात तिची येझदी झाली आणि १९९६ साली कारखान्याला टाळं लागलं. २०१८ साली जावा आणि २०२२ साली येझदी नव्या रूपात बाजारात परतल्या, पण जुन्या गाडीशी त्यांचं नातं नावापुरतंच.

जुनी गाडी बाळगण्यात सुख कसलं, असं तरुण मंडळी विचारतात. माझं उत्तर असं, की या यंत्रात लपवलेलं काही नाही. सिलिंडर एक, सायलेन्सर दोन. किकचा आणि गिअरचा दांडा एकच. आत दाबून वर फिरवला की किक, पुढे पाडला की गिअर. पेट्रोलमध्ये ऑइल आपल्या हाताने मोजून घालायचं, लिटरला साधारण ४० मिलिलिटर. पॉइंटमधली फट ०.४ मिलिमीटर हवी, ती पातळ पट्टी सरकवून बघायची. वैद्याने जीभ बघावी तसा प्लग काढून बघायचा. तपकिरी असेल तर प्रकृती ठीक. काळा आणि ओला असेल तर खाणं जास्त झालं. पांढरा पडला असेल तर अंगात ताप. ज्या काळात आपल्या घरातली बहुतेक यंत्रं बिघडली की नुसता दिवा लुकलुकवतात आणि 'कंपनीत न्या' म्हणतात, त्या काळात आपल्याशी बोलणारं एक यंत्र घरात असणं ही चैन आहे. निवृत्तीवेतन आणि रिकामा वेळ दोन्ही हाताशी असल्यामुळेच ती मला परवडते, हेही खरं.

आता डोकेदुखी. कारखाना बंद झाला की सुटे भाग अनाथ होतात. पुण्याच्या जुन्या बाजारात एका कार्बोरेटरसाठी मी रविवारचे रविवार घालवले आहेत. एका दुकानदाराने 'ओरिजिनल' म्हणून दिलेल्या पिस्टनच्या रिंगा चार महिन्यांत झिजल्या. डबी मात्र अस्सल होती. ब्रेक जुन्या ड्रमचे, त्यामुळे पुढच्याने काय करावं हे त्याला सुचायच्या आत आपल्याला सुचावं लागतं. रात्री मी ती काढत नाही आणि नातवाला चालवू देत नाही.

अलीकडे यात एका नव्या दुखण्याची भर पडली आहे. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल जुन्या गाडीतलं रबर फुगवतं आणि हवेतलं पाणी शोषून घेतं. गाडी महिनाभर उभी राहिली, की टाकीत गंज धरायला सुरुवात. हे इथेनॉल मुख्यतः उसाच्या रसापासून, मळीपासून आणि धान्यापासून होतं. म्हणजे ज्या उसाला मी आयुष्यभर पीककर्जं मंजूर केली, तोच ऊस कारखान्यातून फिरून माझ्या कार्बोरेटरची वॉशरं खायला आला आहे. कर्जाची अशी परतफेड मी नोकरीत कधी पाहिली नव्हती.

या सगळ्यातून गाडी चालते ती आमच्या मिस्त्रींमुळे. वय सत्तरीच्या पुढे. उद्यमनगरात एका लेथच्या शेजारी त्यांची दहा बाय बाराची जागा आहे. बाजारात न मिळणारा बुश ते शेजारी टर्न करून घेतात, मापासाठी बोटाच्या नखाने चाचपतात आणि नंतर मापकाने तेच माप निघतं. इंजिनाला कान लावून म्हणतात, "साहेब, गाडी बिघडली न्हाई, रुसलीया. दोन दिवस ठेवून जावा." त्यांचा मुलगा नव्या गाड्यांच्या सर्व्हिस सेंटरमध्ये आहे, संगणक लावून दोष शोधतो, बापापेक्षा जास्त कमावतो आणि त्यात गैर काही नाही. पण मिस्त्रींच्या हाताखाली आज एकही पोरगा नाही. त्यांच्या बोटांत जे आहे, ते कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही. ते गेले की माझ्या गाडीचं काय होईल, हा माझा खासगी प्रश्न आहे. पण गेल्या पन्नास वर्षांत त्या दहा बाय बाराच्या खोलीत साठलेल्या विद्येचं काय होईल, हा प्रश्न खासगी नाही.

कायद्याच्या नजरेत मात्र या विद्येला जागाच नाही. खासगी मोटारसायकलीची नोंदणी १५ वर्षांची. पुढे दर पाच वर्षांनी तपासणी आणि फेरनोंदणी. पर्यावरण कर वेगळा. २० वर्षांवरच्या दुचाकीच्या फेरनोंदणीचं शुल्क ऑगस्ट २०२५ मध्ये १,००० वरून २,००० रुपये झालं. विम्यात पाच वर्षांनंतर गाडीची किंमत ठरलेल्या कोष्टकाच्या बाहेर जाते, ती दोघांनी संमतीने ठरवायची. आणि गंमत पुढेच आहे. जुलै २०२१ च्या नियमांनुसार गाडी ५० वर्षांची झाली आणि मूळ रूपात जपलेली असली, की ती 'विंटेज' ठरू शकते. तिला वेगळ्या मालिकेतला नंबर, वेगळा मान. अट एकच, की मग तिने रोजच्या कामासाठी रस्त्यावर यायचं नाही. प्रदर्शनात, रॅलीत मिरवायचं.

म्हणजे पंधराव्या वर्षापर्यंत ती गाडी, पन्नासाव्यानंतर वारसा. मधली ३५ वर्षं ती कोण? या काळात आपण तिच्याकडे भंगाराच्या वाटेवरची म्हणून बघतो. आणि वारसा झाल्यावर मान देतो तोही तिने काम सोडलं म्हणून. माझी गाडी २०३६ साली पन्नाशीची होईल. तोवर मी पंचाहत्तरी ओलांडलेली असेल आणि दोघांनाही बहुधा हार घालून बसवण्यात येईल. वापरात राहून, दुरुस्त होत होत म्हातारं होण्याची सोय आपण वस्तूंसाठी ठेवलेली नाही. माणसांसाठी ती कितपत ठेवली आहे, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

यावर एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. टू-स्ट्रोक इंजिन धूर सोडतं. त्याच्या रचनेतच असं आहे, की आत आलेल्या ताज्या पेट्रोल-ऑइलच्या वाफेचा काही भाग न जळताच धुराबरोबर बाहेर पडतो. माझ्या छंदाचा धूर शेजारच्या लेकराने का गिळावा? या प्रश्नावर 'जुन्याची मजा काही औरच' हे उत्तर होऊ शकत नाही. माझी गाडी वर्षाला पाच-सहाशे किलोमीटरच चालते, हे उत्तरही अपुरंच.

पण नियम नीट वाचले तर दिसतं, की आपण वय कडकपणे मोजतो आणि धूर सैलपणे. ३१ मार्च २००० पर्यंत तयार झालेल्या दुचाकीला धुरात ४.५ टक्के कार्बन मोनॉक्साइड चालतो. नव्या गाड्यांची मर्यादा याहून कितीतरी कडक आहे. म्हणजे पंचवीस वर्षांपूर्वीची गाडी नीट जुळवलेली असो की धूर ओकणारी असो, त्या सैल मर्यादेत बसली की दोघींना शुल्क सारखंच. जो मालक दर मोसमाला सायलेन्सरमधला कार्बन काढतो, पॉइंट जुळवतो, मोजून ऑइल घालतो, त्याच्या मेहनतीला कुठल्याच रकान्यात जमा नाही. बँकेत आम्ही कर्जदाराची पत वयावरून ठरवत नव्हतो. परतफेडीवरून ठरवत होतो. गाडीलाही तोच न्याय का नसावा? धूर खरोखर मोजा, कडक मोजा, ब्रेक तपासा, आणि शुल्क त्या निकालावर ठरवा. नापास होईल ती खुशाल भंगारात जावी, माझी असली तरी.

आणि दुसरं, मिस्त्रींसारख्या माणसांच्या हाताखाली चार पोरं शिकतील अशी काही सोय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी करावी. आठवड्याचा एक दिवस वर्गाऐवजी अशा खोलीत, आणि त्या दिवसाचं मानधन मिस्त्रींना. जुन्या मोटारसायकलींसाठी नव्हे. त्या आणखी वीस-पंचवीस वर्षांत तशाही मोजक्याच उरतील. पण पंप, पिठाची गिरणी, शिलाई यंत्र, पंखा, जे जे काही घरात बिघडतं, त्याच्याशी बोलायला कुणीतरी लागतंच. दुरुस्ती करणारा हात नाहीसा झाला, की चांगली वस्तूही पहिल्याच बिघाडात भंगार ठरते, मग ती चाळीस वर्षांची असो की चार वर्षांची.