वाट कुणाची, वहिवाट कुणाची

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतला परदेशी जाणारा माल पुणे-बंगळूर महामार्गाने न्हावा-शेव्याला पोचतो, जहाजावर चढतो आणि मग त्याच्या प्रवासावर कागलचं काही चालत नाही. नोव्हेंबर २०२३ पासून येमेनमधल्या हुथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले. युरोपला जाणारी जहाजं सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालू लागली. दहा-पंधरा दिवस वाढले, भाडं चढलं, मालाचे पैसे लांबले. दूरच्या भांडणाची झळ कोल्हापूरच्या उद्योगाला अशी लागते.

यंदाच्या अंकाची सुरुवात म्हणूनच वाटांच्या राजकारणाने करतो आहोत. २०१३ मध्ये शी जिनपिंग यांनी 'बेल्ट अँड रोड' जाहीर केला आणि बंदरं, रेल्वे, वीजकेंद्रं यांच्या जोरावर चीन सुमारे दीडशे देशांशी जोडला गेला. पाकिस्तानातला त्याचा मार्ग व्याप्त काश्मीरमधून जातो, म्हणून २०१७ च्या बीजिंग परिषदेला भारत गेला नाही. ते योग्यच झालं. बांधावरून वाट काढायची आणि बांधाच्या मालकाला विचारायचंच नाही, हे कोणत्या गावात चालतं?

पण चीनला नावं ठेवून विषय संपत नाही. श्रीलंकेचं हंबनटोटा बंदर २०१७ मध्ये ९९ वर्षांच्या कराराने चिनी कंपनीकडे गेलं. कर्ज फेडता आलं नाही म्हणून चीनने बंदर काढून घेतलं, असं आपल्याकडे सर्रास सांगितलं जातं. प्रत्यक्षात ते बंदर श्रीलंकेच्या राज्यकर्त्यांनाच हवं होतं. करारातून आलेल्या १.१२ अब्ज डॉलरमुळे बंदराचं कर्ज माफ झालं नाही. तो पैसा परकीय गंगाजळीत गेला. देशावरचा मोठा बोजा तर आंतरराष्ट्रीय रोख्यांचा होता. सावकार शोधताना आपण सही करणाऱ्याला फार लवकर सोडून देतो.

या मातीला हा हिशेब नवा नाही. इंग्रज कंपन्यांनी हिंदुस्थानात रेल्वे टाकली तेव्हा धंदा बुडाला तरी त्यांना पाच टक्के परतावा मिळेल, अशी हमी इथल्या रयतेच्या महसुलातून दिली होती. मिरज-कोल्हापूर रेल्वेची गोष्ट वेगळी. १८९१ मध्ये सुरू झालेला हा फाटा कोल्हापूर संस्थानच्या मालकीचा होता. गाड्या चालवायचं काम तेवढं सदर्न मराठा रेल्वेकडे होतं. चालवणारा बाहेरचा, मालकी घरची. न्हावा-शेव्यातही सिंगापूर, दुबई आणि डेन्मार्कच्या कंपन्या टर्मिनल चालवतात, पण बंदर आपलंच आहे. परका पैसा घ्यावा, जरूर घ्यावा. कागलमध्ये शर्टिंगच्या गिरण्या तुर्की गुंतवणुकीतून आणि इटालियन भागीदारीतूनच उभ्या राहिल्या.

आता भारतही वाटा बांधायला निघाला आहे. मे २०२४ मध्ये इराणच्या चाबहार बंदरातलं टर्मिनल दहा वर्षं चालवण्याचा करार झाला, पण अमेरिकी निर्बंधांची टांगती तलवार त्यावर कायम राहिली. त्याआधी सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीच्या जी-२० परिषदेत भारत-मध्यपूर्व-युरोप मार्गिका जाहीर झाली. महिन्याभरातच गाझाचं युद्ध पेटलं. नकाशावर रेघ ओढणं सोपं. ती ज्या घरादारांतून जाते तिथं शांतता लागते. देशातल्या वाटांचंही तेच. पालघरच्या वाढवणला ७६,२२० कोटींचं बंदर होतं आहे. तिथल्या मच्छीमारांनी वर्षानुवर्षं त्याला विरोध केला. पाकिस्तानातल्या बलुचिस्तानात ग्वादर बंदरासाठी चीनने तिथल्या कोळ्यांना विचारलं का, हा प्रश्न आपण हक्काने करतो. मग वाढवणच्या कोळ्यांचं म्हणणंही आपल्याला तितक्याच आस्थेने ऐकावं लागेल.

आमचं मागणं साधं आहे. देशात असो वा परदेशात, बंदराचे आणि रेल्वेचे करार मुदत, व्याज आणि मालकीसकट लोकांसमोर यावेत. आणि युरोपपर्यंतच्या मार्गिकेची स्वप्नं पाहणाऱ्यांनी कोल्हापूर-वैभववाडी रेल्वेही मार्गी लावावी. कागलच्या मालाला घाट उतरून कोकणच्या बंदरावर नेणारी ती वाट अनेक वर्षं कागदावरच आहे.