सोनखताची लाज कशाला?

ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त झाल्याची घोषणा २०१८ साली झाली. स्वच्छ भारत अभियानात घरटी बारा हजार रुपयांचे अनुदान मिळाले आणि पहाटेच्या ‘गुडमॉर्निंग पथका’ला चुकविण्याची नामुष्कीही अनेकांच्या वाट्याला आली. इतकी शौचालये उभी राहणे ही सामान्य गोष्ट नव्हे. परंतु दुष्काळी पट्ट्यातील काही शौचालयांत जळण आणि कडबा भरलेला दिसतो. त्याचा सगळा दोष जुन्या सवयीवर टाकणे अन्यायाचे होईल.

धाराशिव जिल्ह्यातील भूम तालुक्याचे ईट हे गाव डोळ्यांसमोर आणावे. बालाघाटच्या डोंगररांगांचा हा मुलूख, पाऊस बेभरवशाचा. याच मराठवाड्यात, शेजारच्या लातूरला, एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. खेड्यातील साध्या बैठकीच्या शौचालयास एका वेळी दोन लिटर पाणी पुरते. नळाखाली बादली लावणाऱ्याला हे काहीच वाटणार नाही. पण पाच माणसांच्या घरात हातपाय धुण्यासह रोजची एक-दोन घागरी त्यापायी जातात, आणि ती घागर बहुधा घरातील स्त्रीच्या डोक्यावरून आलेली असते. पाणी आटले की शौचालय बंद पडते आणि अंधार पडण्याची वाट पुन्हा तिलाच पाहावी लागते!

अशा ठिकाणी पाण्यावाचून चालणारे खत-शौचालय हा विचार करण्याजोगा पर्याय आहे. त्याची रचना सोपी आहे. जमिनीवर दोन पक्के कप्पे बांधायचे. मल कप्प्यात पडतो, मूत्र आणि धुण्याचे पाणी वेगवेगळ्या वाटांनी बाहेर जाते. प्रत्येक वापरानंतर मूठभर राख टाकायची. एक कप्पा भरला की तो बंद करून दुसरा वापरायचा. पहिल्यातील मल वर्षभर कोरडा पडून राहिला की रोगजंतू मरतात आणि हाती येते ते काळसर, मातीसारखे सोनखत. कप्पे जमिनीच्या वर असल्याने कातळ फोडावा लागत नाही, आणि पाणी जिरू न देणाऱ्या काळ्या चिकणमातीचीही अडचण येत नाही. एका माणसाच्या वर्षभराच्या मूत्रात आहारानुसार अडीच ते चार किलो नत्र असते. म्हणजे पाच माणसांचे घर युरियाच्या अर्ध्या पोत्याहून अधिक नत्र दरवर्षी वाया घालविते. भूम तालुका खव्यासाठी प्रसिद्ध. दारात जनावरे, परसात उकिरडा आणि चुलीची राख हाताशी असलेल्या घराला खत कुजविण्याची विद्या नव्याने शिकवावी लागत नाही.

मग अडते कोठे? अडते ते मनात. कप्पा उघडायचा कोणी? हा प्रश्न तंत्राचा नाही, जातीचा आहे. कोकणचे अप्पासाहेब पटवर्धन यांनी त्याला थेट हात घातला. रत्नागिरीच्या कारागृहात त्यांनी मैलासफाईचे काम स्वतःसाठी मागितले. सवर्ण म्हणून ते नाकारले गेले तेव्हा त्यांनी अन्नत्याग आरंभिला. डिसेंबर १९३२ मध्ये येरवड्यात गांधीजींनीही त्यांच्यासाठी उपोषण केले. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात त्यांनी मैल्याचे खत करणारा संडास घडविला. एकाची घाण दुसऱ्याच्या डोक्यावर जाऊ नये, हा त्यामागील हेतू. त्यांच्याकडूनच प्रेरणा घेऊन डॉ. मापुसकर यांनी देहू येथे आयुष्यभर हे काम केले; २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

सेप्टिक टँक बांधून हा प्रश्न सुटत नाही, पुढे ढकलला जातो. टाकी भरली की उपसण्यासाठी माणूस शोधला जातो, आणि तो कोणत्या वस्तीतून येतो हे सांगण्याची आवश्यकता नाही. माणसाकडून मैला उपसून घेणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. समरसतेवरील व्याख्यानास टाळ्या देणाऱ्या घराने आपल्या टाकीकडे एकदा पाहावे.

या पद्धतीच्या मर्यादाही लपवू नयेत. कप्प्यात पाणी गेले की दुर्गंधी सुटते. राख टाकण्याची शिस्त लहान मुलांपासून पाहुण्यांपर्यंत सर्वांना लावावी लागते. भूमिहीन कुटुंबाला खताचा उपयोग काय, हाही रास्त प्रश्न आहे. जेथे पाणी आहे आणि दोन शोषखड्ड्यांचे शौचालय नीट चालते, तेथे ते मोडण्याचे कारण नाही. तेथेही बंद ठेवलेल्या खड्ड्यात कालांतराने खतच तयार होते.

म्हणून हे काम ठेकेदाराच्या हाती देऊन गावभर एकदम करू नये. आरंभ शेती आणि जनावरे असलेल्या, गावात ज्यांचा शब्द चालतो अशा दोन-चार घरांनी करावा. गरिबाच्या दारात प्रयोग आणि पाटलाच्या वाड्यात टाकी, असे झाले तर ते शौचालय ‘खालच्यांचे’ ठरेल आणि तेथेच संपेल. पहिला कप्पा वर्षाने उघडताना फावडे घरच्या कर्त्या पुरुषाच्या हाती असेल, हे बांधकामाच्या दिवशीच ठरवून घ्यावे.