दिव्यांग मुलाला मुखत्यार हवा

जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांतील अनेक कुटुंबे दिवाळी आटोपताच भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर निघून जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. अशा घरातील एखादे दिव्यांग मूल आजीपाशी मागे राहिले, तर तेवढे सारे महिने शाळेत त्याच्या वतीने चार शब्द बोलणारे कोणी उरत नाही. बोईसरच्या कारखान्यांत पाळीवर राबणाऱ्या परप्रांतीय मजुराच्या मुलाची अवस्थाही फारशी निराळी नाही, कारण बाप घरी असला तरी पालकसभेच्या वेळी तो यंत्रापाशी असतो आणि मराठीतला अर्ज त्याला वाचता येत नाही.

शिबिरात मिळालेल्या श्रवणयंत्राचेच पाहा. मूल वाढते तसा कान वाढतो, कानातला साचा सैल होतो आणि यंत्र शिट्टी घालू लागते. वर्गातली मुले हसतात, म्हणून पोर ते काढून ठेवते, आणि पुढे ते आजीच्या तांदळाच्या डब्यात जाऊन पडते. साचा नवा करून घ्यावा, सेल मागावेत, पुढल्या बाकावर बसवण्याविषयी गुरुजींना विनवावे, एवढीच कामे असतात; परंतु ती आपली आहेत असे मानणारा मनुष्य तेथे नसतो.

कायद्याची उणीव आहे असे म्हणवत नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने निर्धारित दिव्यांगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत अथवा पसंतीच्या विशेष शाळेत विनामूल्य शिक्षणाचा अधिकार दिला आहे, दहावीला लेखनिकाची व वाढीव वेळेची सवलत आहे. तथापि या साऱ्या तरतुदी दाखला जोडून वेळेवर अर्ज करणाऱ्याच्याच पदरात पडतात.

अमेरिकेने 1975 च्या कायद्यात यावर तजवीज केली. आईबाप अज्ञात असतील, उपलब्ध नसतील अथवा मूल सरकारच्या छत्राखाली असेल, तर त्याच्या शिक्षणापुरता पालक नेमावा, आणि तो शिक्षणखात्याचा नोकर नसावा, अशी अट तीत आहे. मला ही अट फार मोलाची वाटते, कारण ज्याच्याकडे दाद मागायची त्याचाच पगार खाणाऱ्याला हरकत घेणे कठीण जाते.

आपल्याकडे अशी माणसे नाहीत काय? तारापूर अणुवीज केंद्राच्या टॅप्स कॉलनीत आणि पालघरच्या आळ्यांत सेवानिवृत्त अभियंते, परिचारिका, कारकून पुष्कळ आहेत, ज्यांचे आयुष्य अर्ज लिहिण्यात व त्यांचा पाठपुरावा करण्यात गेले. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी याच मुलखात गुरे राखणाऱ्या पोरांसाठी कुरणातच शाळा भरवली होती. त्या मानाने अशा मुलाचा मुखत्यार म्हणून महिन्यातून एकदोनदा शाळेत जाऊन बसणे फार मोठे मागणे नव्हे.

मात्र हे काम केवळ सद्भावनेवर सोडू नये. आईबापांच्या लेखी संमतीने, चारित्र्याची पडताळणी करून आणि थोडे प्रशिक्षण देऊन जिल्हा परिषदेने नेमणुकीचे पत्र द्यावे; मुलाची कागदपत्रे पाहण्याचा, सभेत बसण्याचा आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे तक्रार नेण्याचा अधिकार त्यात स्पष्ट नमूद असावा, आईबाप परतताच तो संपुष्टात यावा, आणि या नेमणुका कुटुंबे भट्टीवर निघण्यापूर्वी, म्हणजे दिवाळीच्या आत, पुऱ्या व्हाव्यात.