तेलाचा चहा

मागच्या वेळी इन्व्हर्टरच्या बॅटरीत कोणतं पाणी घालावं यावर लिहिलं होतं. या वेळीही विषय पाण्याचाच आहे, पण नको तिथे शिरलेल्या पाण्याचा.

पंधरा दिवसांपूर्वीची गोष्ट. रात्री जेवण करून छत्रीबागेत व्यंकटेश मंदिराच्या बाजूला शतपावली घालत होतो, तेवढ्यात पुण्याहून भाच्याचा फोन आला. आवाज रडवेला. "मामा, इंजिन गेलं वाटतं. तेलाचा पार चहा झालाय."

आधी गाडीबद्दल सांगतो. ही एस्टीम त्याच्या वडिलांची, म्हणजे आमच्या मेहुण्यांची. ते गेले त्याला सहा वर्षं झाली. गाडी विकायची नाही, हे बहिणीनं तेव्हाच सांगून टाकलं होतं. ती दारात उभी राहून गंजत होती, म्हणून भाच्यानं आईच्या मागे लागून ती ड्रॅग रेससाठी तयार करायला घेतली. ड्रॅग रेस म्हणजे सरळ रस्त्यावर पाव मैल, ४०२ मीटर, कोण आधी पोचतो ते बघायचं. वळण नाही, काही नाही. लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा शर्यती झालेल्या आहेत, तिथे एकदा बापाची गाडी पळवायची हे त्याचं स्वप्न. बहीण मला म्हणाली होती, "दादा, गाडी पळू दे, पण इंजिन तेच राहू दे. त्यांच्या हातचं आहे ते."

भाच्यानं गाडी इथेनॉलवर केली होती. मोठे इंजेक्टर, नवा पंप, नळ्या बदललेल्या, ट्यूनिंग वेगळं. इंधनाची अडचण नव्हती. मार्च २०२४ पासून महाराष्ट्रातल्या काही निवडक पंपांवर 'इथेनॉल १००' मिळायला लागलं आहे. तेल मात्र त्यानं दुकानात सर्वांत महाग होतं ते घातलं, ० डब्ल्यू २०, पूर्ण सिंथेटिक, डब्यावर रेसिंग गाडीचं चित्र. आणि एवढं महाग तेल आहे तर वर्षभर बघायला नको, असा हिशेब. महिनाभर सराव केला. सराव म्हणजे गाडी सुरू करायची, दहा-बारा सेकंद जीव तोडून पळवायची, बंद करायची. मग झाकण उघडलं तर आतून पिवळट मलई, डिपस्टिकवर दुधाळ चहा, आणि तेलाची पातळी कमी व्हायच्या ऐवजी वाढलेली!

पीथमपूरला इंजिनांच्या टेस्ट बेडवर माझी एकोणतीस वर्षं गेली. तेल दुधाळ दिसलं की मेकॅनिक पहिलं नाव घेतो हेड गॅस्केटचं, कारण ती फुटली की रेडिएटरचं पाणी तेलात येतं. पुण्याच्या मेकॅनिकनंही तेच सांगितलं होतं आणि दुसऱ्या दिवशी हेड उतरवायचं ठरलं होतं. मी विचारलं, "कूलंट कमी झालंय का?" तो म्हणाला, "नाही, रेषेवर आहे." म्हटलं, मग हेडला हात लावू नका. पाणी रेडिएटरमधून आलेलं नाही, इंधनातून आलंय.

हे नीट समजून घेण्यासारखं आहे. एक किलो पेट्रोल जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलला ९ किलो पुरते आणि मिथेनॉलला जेमतेम साडेसहा. म्हणजे सिलिंडरमध्ये जाणारी हवा तेवढीच असेल तर इथेनॉल दीडपटीहून जास्त आणि मिथेनॉल सव्वादोन पट ओतावं लागतं. त्यात शर्यतवाले आणखी थोडं जास्तच ओततात. शिवाय अल्कोहोलची वाफ व्हायला पेट्रोलपेक्षा कितीतरी जास्त उष्णता लागते. हातावर स्पिरिट चोळल्यावर गार वाटतं ना, तेच इंजिनात होतं. शर्यतीत हा गुण आहे, इंजिन थंड राहतं आणि ताकद जास्त काढता येते. पण इंजिन आधीच थंड असेल तर सगळं इंधन जळत नाही. उरलेलं सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन रिंगांच्या फटीतून खाली तेलाच्या टाकीत उतरतं. जळलेल्या अल्कोहोलची पाण्याची वाफही होते, तेवढ्याच ताकदीसाठी पेट्रोलपेक्षा जास्त, आणि तीही थंड भिंतींवर जमून खालीच येते.

पेट्रोल तेलात उतरलं तर ते विरघळून तेल पातळ करतं. अल्कोहोल साध्या तेलात नीट विरघळत नाही, पण पाण्याशी त्याचं फार गूळपीठ. दोघं मिळून तेलात घुसळली जातात आणि ताक तयार होतं. क्रँकच्या बेअरिंगमध्ये तेलाचा जो केसाहून बारीक थर सगळा भार पेलतो, तिथे ताक गेलं तर बेअरिंग किती टिकणार? वर आम्लं तयार होऊन धातू खातात ते वेगळंच.

यावर उपाय साधा आहे, तेल तापलं पाहिजे. मिथेनॉल ६५ अंशांच्या आसपास उकळतं, इथेनॉल ७८ ला, पाणी १०० ला. वीस-पंचवीस मिनिटं गाडी चालली की तेल गरम होतं आणि ही पाहुणेमंडळी वाफ होऊन निघून जातात. ४०२ मीटर पळणाऱ्या गाडीचं तेल कोमटच राहतं. अमेरिकेत मिथेनॉलवरच्या ड्रॅग गाड्या हे अंतर पाच-साडेपाच सेकंदांत कापतात, ताशी ४०० किलोमीटरच्या वर वेग गाठून. तेवढ्यात तेल कसं तापणार? म्हणून ती मंडळी पळण्याआधी तेल गरम करून घेतात, जाड तेल वापरतात आणि ते इतक्या लवकर फेकतात की आपल्याला बघवणार नाही.

तेव्हा भाच्याला सांगितलं की डब्यावरचं चित्र विसर. २० डब्ल्यू ५० घे, चांगल्या कंपनीचं साधं मिनरल, जस्ताचं प्रमाण बरं असलेलं. अर्ध्या किमतीत येतं, म्हणून फेकताना हात थरथरत नाही. सरावाचा दिवस संपला की गरम असतानाच काढून टाक, फिल्टरही बदल. गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर आधी टाकीत थोडं पेट्रोल घालून ती फिरव, म्हणजे आत अल्कोहोल राहत नाही. महाग सिंथेटिक वाईट असतं असं माझं म्हणणं नाही. उलट गरम इंजिनात ते सरसच. पण वर्षभर ठेवलेल्या महाग ताकापेक्षा आठवड्याचं स्वस्त तेल केव्हाही बरं.

हे सांगताना आजीची आठवण झाली. दर महिन्याला आमची नाकं दाबून ती एरंडेल पाजायची. मोटारींच्या शर्यतीतलं जुनं, नावाजलेलं तेल म्हणजे तेच एरंडेल! इंग्रजीत एरंडेलाला कॅस्टर म्हणतात. १९०९ मध्ये वेकफिल्ड कंपनीनं त्याचा अंश घालून मोटारीचं तेल काढलं आणि त्यावरूनच कॅस्ट्रॉल हे नाव पडलं. एरंडेल पेट्रोलमध्ये सहजी मिसळत नाही, अल्कोहोलमध्ये मात्र विरघळतं आणि तरी वंगण देत राहतं. म्हणून मिथेनॉलवरच्या छोट्या मॉडेल विमानांच्या इंधनात आजही ते घालतात. पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या इंजिनांतही एरंडेल होतं. त्याचा फवारा तोंडावर येऊन वैमानिकांची पोटं बिघडत, असं सांगतात. आजीला हे ऐकून फार समाधान वाटलं असतं. मग एस्टीममध्ये का नाही? कारण ते लवकर चिकट होतं, इंजिनात लाखेसारखा थर धरतं आणि साध्या तेलाबरोबर नांदत नाही. दर दोन दिवसांनी इंजिन उघडणाऱ्याचं ते काम.

भाच्याला मिथेनॉलही खुणावत होतं, कारण परदेशातले व्हिडिओ. तिथे मात्र मी मामेपणा दाखवला. मिथेनॉल पोटात गेलं तर डोळे जातात, जीव जातो. कातडीतूनही ते शरीरात शिरतं आणि त्याची ज्वाला भर दिवसा दिसत नाही. इंडियानापोलिसला १९६४ च्या भीषण अपघातानंतर पेट्रोल सोडून मिथेनॉल आलं, पाण्यानं विझतं म्हणून. पण २००७ मध्ये तिथेही इथेनॉल आलं. तसला कॅन माझ्या बहिणीच्या घरात आलेला चालणार नाही, एवढं सांगून विषय मिटवला.

दुसऱ्या दिवशी तेल काढलं. भाच्यानं फिल्टर कापून घड्या उलगडून फोटो पाठवला. त्यात बेअरिंगचा चकचकीत चुरा असता तर गोष्ट संपली होती. दोन-चार कण होते, जुन्या इंजिनात असतात तेवढेच. नवं तेल घातलं, अर्धा तास गाडी फिरवली, गरम असतानाच तेही काढलं आणि परत नवं घातलं. आता डिपस्टिक मधासारखी दिसते. बहिणीचा फोन आला, "दादा, आवाज अगदी त्यांच्या वेळचा येतोय."

आता आपल्या दारातली गोष्ट. आमच्याकडची स्कूटर छत्रीबागेतून राजवाडा आणि परत, एवढीच चालते. पेट्रोलमध्येही आता २० टक्के इथेनॉल असतं. शंभर टक्क्यांशी त्याची तुलना नाही, घाबरायचं कारणही नाही. पण तेल कधी तापतच नाही, हे दुखणं त्या रेसच्या गाडीचंच. परवा सहज तेलाचं झाकण उघडलं तर आत बोटभर मलई! सौभाग्यवती म्हणाल्या, "मी तर जपून चालवते." तेच तर झालं ना! सावकाश, थोडं थोडं, थंड इंजिनावर. आपल्यापैकी ज्यांच्या गाड्या अशाच गल्लीबोळात फिरतात, त्यांनी एकदा झाकण उघडून बघा, आणि किलोमीटर भरले नाहीत तरी सहा महिन्यांनी तेल बदला.

रविवारी सकाळी मी स्कूटर काढली आणि बायपासला चाळीस मिनिटं पळवून आणली. येताना पोहे-जलेबी बांधून घेतली. झाकण उघडलं, तर मलई बरीच उतरली होती.