पट्ट्याचा आवाज



पावसाळा लागला की मालवाहतुकीच्या व्यवसायातील आपल्या कुटुंबांत एक तक्रार हमखास ऐकू येते. पहाटे ट्रक सुरू करताच इंजिनाच्या पुढच्या बाजूने कर्कश आवाज येतो आणि काही वेळाने थांबतो. आवाज थांबला, म्हणून गाडी रस्त्याला लागते. हॅरिस पूल ओलांडायचा, दापोडी, नाशिक फाटा, भोसरी करत चाकणला वेळेवर माल पोहोचवायचा. थांबायला सवड कोणाला? परंतु तो आवाज म्हणजे फॅन बेल्टने, अर्थात इंजिनावरील पट्ट्याने, दिलेली सूचना असते.

हा पट्टा अल्टरनेटर फिरवतो. बहुतेक गाड्यांत वॉटर पंप आणि पंखाही त्याच्यावरच चालतात. तो तुटला की बॅटरी भरणे आणि इंजिनातील पाणी खेळणे थांबते. खंडाळ्याच्या चढणीवर भरलेल्या गाडीचे इंजिन मग थोड्याच वेळात तापते आणि हेड गॅस्केट जाण्याची वेळ येते. पट्ट्याच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च पडतोच; शिवाय रात्री घाटात बंद पडलेल्या गाडीपाशी उभ्या असलेल्या चालकाचा जीव टांगणीला लागतो.

दापोडीत एस.टी.ची मध्यवर्ती कार्यशाळा आहे. राज्यात अशा अन्य दोन चिकलठाणा आणि हिंगणा येथे आहेत. लहान गॅरेज असो वा मोठी कार्यशाळा, जाणता मिस्त्री पाना उचलण्यापूर्वी एकच विचारतो: आवाज केव्हा आणि कसा येतो? लांब किंचाळी ऐकू येत असेल आणि दिवे, वायपर लावताच ती वाढत असेल, तर पट्टा घसरत आहे. पहाटे असे अधिक होते, कारण स्टार्टरने बॅटरी ओढलेली असते, अल्टरनेटरवर भार असतो आणि पट्टा दमट असतो. पाखराच्या चिवचिवाटासारखा, ठरावीक तालात येणारा आवाज असेल, तर पुल्या एका रेषेत नसण्याचा संभव असतो. घरघर असेल, तर दोष बेअरिंगचा समजावा.

खात्रीसाठी एक सोपी परीक्षा आहे. इंजिन मंद चालू ठेवून, हात आणि कपडे दूर राखून, बाटलीने पट्ट्याच्या आतल्या बाजूवर थोडे स्वच्छ पाणी शिंपडावे. आवाज क्षणभर जाऊन परत आला, तर पुल्यांची रेषा तपासावी. आवाज एकदम वाढला, तर ताण कमी आहे.

पुढचे काम इंजिन बंद करून, किल्ली काढून घेऊन करावे. पट्टा उतरवून प्रत्येक पुली हाताने फिरवून पाहावी. खरखर किंवा डुगडुग जाणवली, तर बेअरिंग बदलावे. पट्ट्यावर तेल किंवा कूलंट आढळले, तर आधी गळती बंद करावी, पुल्या पुसाव्यात आणि मगच नवा पट्टा चढवावा. आजकालच्या अनेक पट्ट्यांना झिजूनही भेगा पडत नाहीत. म्हणून खाचांची झीज पाहावी. जोडीचे पट्टे जोडीनेच बदलावेत. ताण गाडीच्या पुस्तकातील मापाप्रमाणे ठेवावा. अति ताणाने वॉटर पंपाचे आणि अल्टरनेटरचे बेअरिंग जाते. हाताने ताण द्यावा लागणारा नवा पट्टा आरंभी थोडा सैल होतो, म्हणून काही फेऱ्यांनंतर तो पुन्हा तपासावा.

साबण, राळ किंवा फवारा मारून आवाज बंद करण्याची रीत मात्र सोडावी. आवाज दबतो, चिकट थरावर धूळ बसते आणि दोष जिथल्या तिथे राहतो.

श्रावकाच्या गुणव्रतांत अनर्थदंडविरती सांगितली आहे आणि अनर्थदंडाच्या प्रकारांत प्रमादचर्येची गणना होते. आपल्या बेपर्वाईमुळे दुसऱ्याला क्लेश होऊ नयेत, एवढा बोध व्यवहारात त्यातून घेता येतो. पेढीवर बसणाऱ्याला पट्ट्याचा आवाज ऐकू येत नाही. तो चालकाला ऐकू येतो. तो सांगू लागला असता “आजची खेप टाकून ये, मग पाहू” असे उत्तर मिळाले, तर पुढच्या वेळी तो सांगणारच नाही. म्हणून चालक बोलेल तेव्हा त्याचे ऐकावे, एक खेप उशिरा गेली तरी चालेल असे त्याला स्पष्ट सांगावे, आणि जुना पण शाबूत पट्टा अडीअडचणीसाठी गाडीतच ठेवावा.